क्वांटम डॉट: आठ महिने वापरल्यावर

२०२४ च्या जुलैत आमच्या प्रयोगशाळेत क्वांटम डॉटची, म्हणजे प्रथिनांना चिकटवून ती मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठीच्या चमकत्या नॅनोकणांची, पहिली बाटली आली. आता मार्च चालू आहे. घ्यावेत का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे: पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन बघायचं असेल तर जरूर घ्या, पेशीच्या आत बघायचं असेल तर घेऊ नका. एवढं एक वाक्य मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं काम ईजीएफ रिसेप्टरवर आहे. हे प्रथिन पेशीच्या पटलात रुतून बसतं आणि बाहेरून आलेला वाढीचा संदेश आत पोचवतं. एकेक रिसेप्टर पटलावर कसा फिरतो, कुठे थबकतो, ते मला बघायचं होतं. आधी मी त्याला ईजीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून बघायची. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून वेगळ्या केलेल्या हिरव्या प्रथिनाचं हे सुधारलेलं रूप. लांबी २३९ अमिनो आम्लं, आणि पेशी ते स्वतःच घडवते, त्यामुळे बाहेरून काही लावावं लागत नाही. प्रथिन साधारण कुठे आहे एवढंच हवं असेल तर आजही मी तेच वापरते. पण सगळं पटलच हिरवं उजळतं, त्यातून एक रेणू वेगळा निवडता येत नाही. आणि त्यासाठी लेझर वाढवला की बघता बघता प्रकाश विझतो.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा नॅनोस्फटिक. माझ्याकडचे ६५५ नॅनोमीटरला लाल प्रकाश देणारे आहेत: आत कॅडमियम सेलेनाइड, त्यावर झिंक सल्फाइडचं कवच, त्यावर पॉलिमर, आणि सर्वांत बाहेर स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन. पदार्थ तोच ठेवून स्फटिक लहान केला की रंग निळ्याकडे सरकतो, मोठा केला की लालकडे. क्वांटम डॉटचा शोध आणि ते बनवण्याची पद्धत यांसाठी एकिमोव, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जीवशास्त्रात हे स्फटिक आले १९९८ मध्ये, 'सायन्स'मधल्या दोन शोधनिबंधांतून. त्यांतल्या एकात ते र्‍होडामिन या नेहमीच्या रंगापेक्षा वीसपट उजळ आणि न विझण्यात शंभरपट टिकाऊ असल्याचं नोंदलं होतं. उजळपणाचं मी मोजमाप केलं नाही. टिकाऊपणाबद्दल मात्र शंकाच नाही: तोच ठिपका मी दहा-दहा मिनिटं बघितला आहे.

डॉट रिसेप्टरला चिकटवायची पद्धत मला फार आवडली. रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाला १५ अमिनो आम्लांची छोटी शेपटी जोडायची. बिरए हे एन्झाइम आणि ऊर्जेसाठी एटीपी दिलं की त्या शेपटीतल्या लायसिन या एका अमिनो आम्लावर बायोटिन हे जीवनसत्त्व बसतं, आणि बायोटिनला स्ट्रेप्टाविडिन असं धरतं की धुतलं तरी सुटत नाही. मात्र पेशी ज्यात वाढवतो त्या माध्यमाकडे लक्ष ठेवा. आरपीएमआय या माध्यमात मुळातच बायोटिन असतं, सीरममध्येही असतं. ते मोकळं बायोटिन डॉटवरच्या सगळ्या जागा अडवून टाकतं. मी पेशी साध्या बफरने तीनदा धुते, फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम घेते आणि थोडं बीएसए हे प्रथिन घालते. एकेक रेणू बघायचा असेल तर डॉट अगदी पातळ करा. बाटली एक मायक्रोमोलरची असते, मी ती दहा हजारपट पातळ करून वापरते. किमतीचा धक्का बसतो खरा, पण या हिशेबाने एक बाटली खूप पुरते.

पुरली असती, असं म्हणायला हवं. ऑगस्टच्या शेवटी इथे वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पूर आला आणि आमच्याकडे वीज गेली. घाईगर्दीत सगळी एन्झाइमं वरच्या मजल्यावरच्या, जनरेटरवर चालणाऱ्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये हलवली, आणि त्यांच्याबरोबर डॉटची बाटलीही गेली. डॉट गोठवायचे नसतात, चार अंशांवर ठेवायचे असतात. पाणी ओसरल्यावर बाटली काढून यूव्ही दिव्याखाली धरली, तर एकसारख्या लाल द्रावाऐवजी तळाशी चमकता गाळ. सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग घेऊन बघितला, पण स्लाइडवर गुठळ्याच गुठळ्या. ती बाटली कॅडमियमच्या वेगळ्या कचऱ्यात गेली. मला फार वाईट वाटलं. दुसरी यायला दिवाळी उजाडली.

या दुसऱ्या बाटलीने मला पहिला खरा आनंद दिला आणि पहिली खरी फसवणूकही तिनेच केली.

फसवणूक आधी सांगते. पेशींना सदतीस अंशांवर तासभर ठेवल्यावर केंद्रकाजवळ लाल ठिपक्यांचा सुंदर पुंजका दिसायचा. रिसेप्टर आत ओढला जातो, हे तर सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मी तो त्याचाच प्रवास समजून तीन आठवडे मोजत बसले. मग मॅडमनी विचारलं, "शेपटी नसलेल्या पेशींवर करून बघितलंस का?" केलं, तर तिथेही ठिपके होतेच. कमी, पण त्याच जागी. पेशी आजूबाजूचं द्रव सतत घोट घोट पीत असते, आणि त्या घोटांबरोबर मोकळे डॉटही आत जातात. दुसरी गोष्ट याहून वाईट. खरा रिसेप्टर लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचन करणाऱ्या पिशवीत, पोचला की त्याचे तुकडे होतात, पण डॉट तसाच जळत राहतो. प्रथिन संपलेलं असतं आणि प्रकाश मात्र ते आहे असंच सांगतो.

जानेवारीत उत्तरायणाला दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर हे मला नीट उमगलं. रात्री पतंगाच्या दोरीला तुक्कल, म्हणजे कागदी कंदील, बांधून चढवतात. अंधारात पतंग दिसतच नाही, दिसतो फक्त दिवा. आजोबा म्हणाले, "जड तुक्कल बांधलास की पतंग त्याच्या मनाने उडत नाही, बाळा." मी तिथेच उभी राहिले. माझा डॉट वीसेक नॅनोमीटरचा, रिसेप्टरच्या बाहेरच्या भागापेक्षा मोठा. उघड्या पटलावर हे फारसं नडत नाही, कारण पटल स्वतःच पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे आणि खरी ओढ त्याचीच असते. पण चेतापेशींच्या सांध्यासारख्या वीसेक नॅनोमीटरच्या फटीत हाच कंदील अडकतो. तिथे काम करणाऱ्यांनी लहान डॉटच बघावेत. शिवाय स्ट्रेप्टाविडिनला चार हात असतात, आणि एकाच डॉटवर ते अनेक बसलेले असतात, त्यामुळे एक डॉट दोन रिसेप्टरांना एकत्र बांधू शकतो. ईजीएफ रिसेप्टर जोडीनेच जागा होतो, म्हणून माझ्या कामात ही गोष्ट जीवघेणी आहे. यावर उपाय म्हणजे बायोटिन कमी बसवणं आणि डॉट आणखी पातळ करणं. बायोटिन धरणारा एकच हात असलेलं स्ट्रेप्टाविडिनही बनवता येतं, ते मला अजून करून बघायचं आहे.

लुकलुकण्याची तक्रार सगळेच करतात. डॉट मध्येच काळा होतो, थोड्या वेळाने परत पेटतो, आणि सॉफ्टवेअर एकाच मार्गाचे चार तुकडे करतं. ट्रॅकमेट या ठिपक्यांचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही फ्रेमची फट चालवून घ्यायची सोय आहे, ती वापरा. पण मला ही लुकलुक आता हवीशी वाटते. ठिपका पूर्ण विझून परत पेटला म्हणजे तो एकटा डॉट आहे. गुठळी अशी एकदम काळी होत नाही. मी न लुकलुकणारे ठिपके मोजणीतून काढूनच टाकते.

पेशीच्या आतल्या कामासाठी मी हॅलोटॅगकडे, म्हणजे प्रथिनाला जोडायच्या एका वेगळ्या टॅगकडे, वळले आहे. टॅग मोठा आहे, ३३ किलोडाल्टनचा, म्हणजे ईजीएफपीपेक्षाही मोठा. पण त्याला चिकटणारा रंगाचा रेणू चिमुकला असतो, पटलातून आपोआप आत जातो आणि टॅगशी कायमचा बांधला जातो. जेएफ५४९ हा रंग मी काही नॅनोमोलर वापरते. एकेक रेणू काही सेकंदांत विझतो, डॉटसारखी मिनिटं मिळत नाहीत. तरी आत दिसतं ते माझंच प्रथिन असतं.

उन्हाळ्यात काम करणाऱ्यांसाठी एक सांगते. बाहेर बेचाळीस अंश, खोलीत एसी, आणि मायक्रोस्कोपच्या स्टेजवर सदतीस. एसीचा झोत स्टेजवर आला की फोकस सरकतो, आणि दहा मिनिटांच्या चित्रणात रिसेप्टर फिरतोय की काच, ते कळत नाही. आम्ही झोताची दिशा बदलली, मायक्रोस्कोप तासभर आधी चालू ठेवला आणि काचेवर मुद्दाम काही डॉट सुकवून चिकटवले. ते हलले तर स्टेज हलला. तेवढं सरकणं वजा करायचं.

गेल्या आठवड्यात बायोटिन लावलेलं ईजीएफच, म्हणजे या रिसेप्टरला वाढीचा संदेश देणारं प्रथिनच, डॉटवर बसवून ए४३१ पेशींवर घातलं. या पेशींत हा रिसेप्टर भरपूर असतो. पेशीच्या बोटासारख्या बारीक टोकावर एक ठिपका बसला, थोडा वेळ जागच्या जागी थरथरला, आणि मग सरळ रेषेत पेशीच्या अंगाकडे चालू लागला. अशी उलटी वाटचाल क्वांटम डॉटनेच २००४ मध्ये पहिल्यांदा दाखवली गेली होती, आणि मी ती वाचून पाठ केली होती. त्या रात्री साडेअकराला ती माझ्या पडद्यावर चालू होती. ठिपका दोनदा विझला आणि दोन्ही वेळा थोडा पुढे जाऊन पेटला.