सेन्सर न बदलता गाडी दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन

चेक इंजिनचा दिवा, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) धडधड आणि खड्ड्यातून गेलं की गाडी क्षणभर मान टाकणार. स्कॅनरवर कोड पी०१०२, म्हणजे एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) सर्किटमध्ये सिग्नल कमी. आधीच्या गॅरेजने कोड वाचून थेट नवा सेन्सरच सुचवला. कोड सर्किटबद्दल बोलतोय, सेन्सर गेला असं म्हणत नाहीये, पण असो.

या ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी मल्टिमीटर काढला. इग्निशन ऑन करून सप्लाय पाहिला: बॅटरीइतके व्होल्ट. कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून प्रोब सरकवून चालू इंजिनवर अर्थिंग तपासलं: ०.१ व्होल्टच्या आत. सिग्नल आयडलला १ व्होल्टच्या आसपास, तोही ठीक. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचा त्या क्षणाचा आकडा, लावून मला म्हणाला, ‘साहेब, तुम्ही आकड्यावर नजर ठेवा,’ आणि वायरिंग चाचपत, हलवत पुढे गेला. एअर फिल्टरच्या डब्याच्या कडेशी हात पोचला आणि आकडा धाडकन शून्यावर, इंजिन बंद! टेप सोलली तर सिग्नलची वायर घासून दोन-तीन तारांवर लोंबकळत होती, वर हिरवट गंज.

नुसतं पिळून टेप गुंडाळणारे खूप पाहिलेत. याने सोल्डर केलं, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, वायर कडेपासून लांब क्लिपने बांधली आणि रस्त्यावर फिरवूनच किल्ली दिली. बिलात फक्त मजुरी.

तक्रार एकच: फोन उचलत नाही, त्यामुळे जाऊन ताटकळावं लागतं. एक तारा त्यासाठी कापला.