सातारचे घाट आणि स्पोर्ट्स कार: मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

कोणती गाडी जास्त पळते, हा वाद केव्हाच मिटला आहे. ऑटोमॅटिक पळते. पोर्शेची ९११ जीटी३ मॅन्युअल गिअरबॉक्सने शून्य ते शंभर ३.९ सेकंदांत गाठते आणि तीच गाडी पीडीके या पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने ३.४ सेकंदांत. बीएमडब्ल्यूची एम२ २०२३ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा मॅन्युअलचा आकडा ४.३ होता, ऑटोमॅटिकचा ४.१. कितीही कसलेला ड्रायव्हर असला तरी क्लच दाबून, दांडी सरकवून, क्लच सोडायला जो वेळ लागतो, त्याच्या आत ड्युअल क्लच गिअरबॉक्स गिअर बदलून मोकळा झालेला असतो.

पण यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना हा अर्धा सेकंद खर्च करायला जागा कुठे आहे? साताऱ्यात राहणाऱ्याने गिअरबॉक्स निवडताना वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात: चढावरची तुंबलेली रांग, लांबलचक उतार, उसाच्या ट्रॉल्या, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती कुठे होणार. त्याआधी आणखी एक प्रश्न आहे, जो शोरूममध्ये कोणी विचारत नाही. ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कुठली?

ऑटोमॅटिकच्या तीन जाती

एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं) आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) बाजूला ठेवू. रोजच्या वापराला त्या ठीक आहेत, स्पोर्ट्स कारच्या चर्चेत त्यांचं काम नाही. उरतात तीन.

पहिली टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाची जोडणी असते. गाडी सरकताना घर्षणाच्या प्लेटा घासत नाहीत, तेल फिरतं. वेग घेतला की लॉक-अप क्लच बसतो आणि थेट जोड मिळते. एम२ मधला आठ गिअरचा बॉक्स याच जातीचा. ‘टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्त’ हा समज वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांवरून बसलेला आहे, तो आता सोडायला हरकत नाही.

दुसरी वेट ड्युअल क्लच. दोन क्लच, दोन्ही तेलात बुडालेले. तेल फिरतं, थंड होऊन परत येतं, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट असते. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएस यांच्यात हा प्रकार आहे.

तिसरी ड्राय ड्युअल क्लच. इथेही दोन क्लच, पण कोरडे, म्हणजे मॅन्युअल गाडीत असतो तसेच. वजन कमी, मायलेज चांगलं, किंमत आटोक्यात. म्हणून दहा ते वीस लाखांच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत हाच सापडतो: ह्युंदाई आय२० एन लाइन, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५. व्हर्टसमधल्या बॉक्सचं नाव डीक्यू२०० आणि त्याची टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन मीटर. १.५ टीएसआय इंजिन देतं तेही बरोबर २५०, म्हणजे हातात काहीच शिल्लक नाही. ही मर्यादा कंपनी किती गांभीर्याने घेते ते पोलो जीटीआयवरून कळतं. २०१६ मध्ये आपल्याकडे आलेल्या त्या गाडीत १.८ लिटरचं इंजिन होतं. परदेशातल्या मॅन्युअल आवृत्तीत तेच इंजिन ३२० न्यूटन मीटर द्यायचं, डीएसजीच्या (फोक्सवॅगन आपल्या ड्युअल क्लचला हेच नाव देते) जोडीला मात्र ते २५० वर बांधून ठेवलं होतं.

म्हणून ‘ऑटोमॅटिक चांगली का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. क्लच कोरडा आहे की तेलातला, ते विचारा. सेल्समनला सांगता आलं नाही तर सर्व्हिसच्या माणसाला गाठा.

पसरणीची रांग

लाँग वीकेंडला वाईहून पाचगणीकडे निघालात की पसरणी घाटात गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. वाई ते पाचगणी ही चढण साधारण पाचशे ते सहाशे मीटरची. ड्राय ड्युअल क्लचचं खरं दुखणं इथे आहे. चार-पाच किलोमीटरच्या वेगाला पहिला गिअरसुद्धा जास्त पडतो, त्यामुळे क्लच पूर्ण बसत नाही, घासत राहतो. चढावर गाडीचं सगळं वजन त्या घासणाऱ्या प्लेटवर. मॅन्युअलवाला हाफ क्लचवर गाडी धरतो तेव्हाही हेच होतं, पण त्याच्या पायाला ते जाणवतं आणि तो हँडब्रेक ओढतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. तुम्हाला पत्ता लागतो तो थेट जळका वास आल्यावर, नाहीतर गाडी सुटताना थरथरायला लागल्यावर.

यावरचा इलाज सोपा आहे, फक्त संयम लागतो. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून आपण हातभर सरकायचं नाही. दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात जा आणि पूर्ण थांबा. ब्रेक नीट दाबून थांबलं की क्लच सुटतो. अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर रांगत राहिलं की घासतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं हा सगळ्यांत महाग प्रकार. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय, दोन-तीन सेकंदच धरतो, त्याच्या भरवशावर राहू नका. थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारा ऑटो होल्ड असेल तर लावा, नसेल तर हँडब्रेक. ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा आलाच तर गाडी बाजूला घ्या, पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवूनच इशारा जाईपर्यंत थांबा.

टॉर्क कन्व्हर्टरला या रांगेचं काही वाटत नाही. वेट क्लचला थोडं वाटतं, पण निभावतं. मॅन्युअल निभावते, तुमचा डावा गुडघा निभावतो का ते बघा.

उतार

चढावर ऑटोमॅटिकची परीक्षा होते, उतारावर ड्रायव्हरची. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचं, हा जुना नियम दोन्ही गाड्यांना लागू आहे. फरक एवढाच की डी मध्ये ठेवलेली ऑटोमॅटिक मायलेजच्या नादात वरचा गिअर पकडते, गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हेच प्रमाण १५५ अंशांवर येतं. उतारावर ते उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. ऑटोमॅटिक असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसरा किंवा तिसरा धरा. ऑइल दोन वर्षांनी बदलाच. मॅन्युअलमध्ये तर बहुतेक गाड्यांत क्लचचं हायड्रॉलिकही त्याच डबीतून चालतं.

मॅन्युअलची मजा जर कुठे असेल तर ती इथे, उतारावरच्या हेअरपिनला. समजा तिसऱ्यावर येताय. वळणाच्या बरंच आधी उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक. दाब कमी न होऊ देता क्लच खाली. दांडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. आणि तेवढ्यात ब्रेकवरच्याच पायाची उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून एक छोटा झटका, म्हणजे इंजिनचे फेरे साधारण दीडपट होतात, अडीच हजारांवरून पावणेचार हजारांच्या आसपास. मग क्लच सोडायचा आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. हा झटका दिला नाही तर क्लच सोडताना चाकांना हिसका बसतो. पावसाळ्यात, महाबळेश्वरच्या धुक्यात आणि ओल्या डांबरावर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं शेपूट त्या हिसक्याने सुटू शकतं. ऑटोमॅटिक हे फेरे स्वतःच जुळवते, दर वेळी न चुकता. एम२ च्या मॅन्युअलमध्येही त्यासाठी मदत आहे आणि ती बंद करता येते.

हे जमायला पेडलची मांडणी साथ देणारी लागते. बऱ्याच साध्या गाड्यांत ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा इतकं वर असतं की पाय पोचतच नाही. शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून ब्रेक जोरात दाबा आणि बघा पायाची कड पलीकडे टेकते का. पातळ तळाचे बूट घालून जा, चप्पल नको.

मॅन्युअलला एक धोका असा आहे जो ऑटोमॅटिकला जवळपास नाहीच. घाईत पाचव्यावरून चौथ्यावर जायच्या ऐवजी दांडी दुसऱ्यावर गेली, तर चाकंच इंजिनला मर्यादेबाहेर फिरवतात. इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. व्हॉल्व्ह वाकतात. ऑटोमॅटिकला असा गिअर मागितलात तर ती सरळ नाही म्हणते.

उसाची ट्रॉली ओलांडताना

गळीत हंगामात कराडहून पाटणकडे जाताना ओव्हरटेकसाठी मोकळा रस्ता क्षणभरच मिळतो. ड्युअल क्लचमध्ये एक गोम आहे. विषम गिअर एका क्लचवर असतात, सम गिअर दुसऱ्यावर. चौथ्यावरून तिसरा झटक्यात मिळतो, पण चौथ्यावरून थेट दुसरा हवा असेल तर दोन्ही एकाच क्लचवर असल्यामुळे गिअरबॉक्सला मध्ये काम करावं लागतं आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबून वाट बघत बसतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे असतानाच स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढून खालचा गिअर घेऊन ठेवा, रस्ता दिसला की निघा. मॅन्युअलवाला हे न शिकवताच करतो.

खर्च आणि दुरुस्ती

घेताना ऑटोमॅटिकला या वर्गात साधारण लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात. तो फरक फार मोठा नाही, पुढचा मोठा आहे.

मॅन्युअलचा क्लच हा झिजणारा भाग. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, आणि अनेक टर्बो गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील. हे काम साताऱ्याच्या एमआयडीसीतला किंवा कराडचा चांगला फिटर करून देतो. क्लच किती टिकेल ते पायावर आहे. पेडलवर पाय टेकवून चालवणाऱ्याचा लवकर जातो, बाकीच्यांचा लाख किलोमीटरही चालतो. गिअरच्या दांडीवर हात ठेवून चालवायची सवय असेल तर तीही मोडा, आतला सिलेक्टर फोर्क झिजतो.

ड्राय ड्युअल क्लच बदलायला खास हत्यारं लागतात, बसवताना मापं घ्यावी लागतात आणि शेवटी कॉम्प्युटर जोडून क्लच नव्याने ओळखवून द्यावा लागतो. मेकॅट्रॉनिक, म्हणजे त्याचा मेंदू आणि हायड्रॉलिक मिळून असलेला भाग, गेला तर बिल लाखाच्या पुढे जातं. एक्स्टेंडेड वॉरंटी मॅन्युअलला घेतली नाही तरी चालेल, ड्राय ड्युअल क्लचला ती न घेणं म्हणजे जुगार. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल ‘लाइफटाइम’ असतं असं सांगतात. झेडएफ, जी हे बॉक्स बनवते, स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. झेडएफचं ऐका.

ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडच मागवा. महागड्या गाडीला कंपनीचं वर्कशॉप हवं असेल तर पुणे गाठावं लागतं, म्हणजे शंभरावर किलोमीटर.

मग कोणती?

व्हर्टस जीटी किंवा आय२० एन लाइनच्या वर्गात, गाडी मुख्यतः घाटासाठी घेत असाल, पहाटे निघून दहाच्या आत घरी यायची सवय असेल, तर मॅन्युअल. यात फारशी शंका नाही. घरात दुसरं कोणी रोज पोवई नाक्यावरून गाडी नेणार असेल, किंवा आठवड्यातून दोनदा पुणे असेल, तर ऑटोमॅटिक घ्या, पण रांगेतली शिस्त पाळा. सांगली-मिरजेकडच्या सपाट रस्त्यावर ड्राय क्लचची काळजी बरीच कमी होते, तिथे डीएसजी बिनधास्त चालते.

एम२ च्या वर्गात उलट आहे. तिथला ऑटोमॅटिक दणकट आहे, त्याला नाकारायला टिकाऊपणाचं कारण उरत नाही. मॅन्युअल घ्यायची तर फक्त हौसेखातर, आणि स्पोर्ट्स कारला हौसेपेक्षा चांगलं कारण लागतं असंही नाही.

रीमॅप, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा विचार असेल तर डीक्यू२०० वाली गाडी घेऊच नका. रीमॅपची पहिली पायरी, स्टेज वन, केल्यावरच टॉर्क २५० च्या बराच वर जातो आणि क्लच घसरायला लागतात. वॉरंटी जाते ती वेगळीच. मॅन्युअलमध्येही क्लच घसरेल, पण तिथे जाड क्लच टाकून भागतं.

जुनी गाडी बघत असाल तर सपाट हायवेवरची चक्कर काही सांगत नाही. मॅन्युअल असेल तर चौथ्यावर ४०-५० च्या वेगाने चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे उडी मारून वर गेले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच संपला. थंड गाडीत दुसरा गिअर झटकन टाकून बघा, कर्रकन आवाज आला तर सिंक्रो, म्हणजे गिअर बसताना वेग जुळवणारी कडी, झिजलाय. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर होत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, आणि दुसरं जास्त महाग.

ड्युअल क्लच असेल तर मालकाला सांगा, गाडी आधी सुरू करून ठेवू नका. थंड गाडी नुसता ब्रेक सोडून सरकू द्या, मग अर्धा तास गर्दीत फिरवून तेच पुन्हा करा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर होते का ते बघा. स्कॅनर लावून क्लचचे तापमान आणि जुने फॉल्ट कोड काढून घ्या. आणि चढावर रिव्हर्स घ्या: डीक्यू२०० मध्ये रिव्हर्स सम गिअरच्या क्लचवर चालतो, त्यामुळे पुढे नीट चालणारी गाडी इथे हिसके देत असेल तर दुखणं त्या दुसऱ्या क्लचमध्ये आहे.