डेमो एक, डब्यात दुसरंच! बाबागाडी घेताना झालेली फसवणूक

नागपूरच्या बुर्डीतल्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका दुकानात बाबागाडी आणि बेबी कॅरिअर घेताना आमची सरळसरळ फसवणूक झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्यांची पद्धत सविस्तर लिहिते. घरात लहान बाळ असलेल्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

आमच्याकडे कार नाही. हिंगणा रोडहून गावात यायचं म्हणजे ॲक्वा लाइनची मेट्रो, 'आपली बस' ही शहर बस नाहीतर ऑटो. मेट्रोला लिफ्ट आहे, तिथे अडत नाही. पण बसच्या पायऱ्या उंच, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हणून गाडी वजनाला हलकी, पटकन घडी होणारी आणि तरी मजबूत हवी होती. जिथे गाडी चालणारच नाही, तिथे बाळाला अंगाशी बांधून न्यायला कॅरिअर.

दुकानात मांडलेली गाडी खरोखर चांगली होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, रबराची चाकं, खांदे-कंबर-मांड्यांमधून येणारा पाच ठिकाणी अडकणारा पट्टा. मी स्वतः उघडून, मिटून, ढकलून पाहिली. पैसे दिल्यावर मात्र आतून सीलबंद डबा आला. उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर, ''ताई, सील तुटलं तर कंपनी वापस घेत नाही न. सेम टू सेम पीस आहे, काहून टेन्शन घेऊन राहिले तुम्ही?'' पक्कं बिल मागितलं तर ''सर्व्हर बंद आहे'' म्हणून साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. खाली शिक्का : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

घरी डबा उघडला तर कापड तेच, रंग तोच, गाडी वेगळी. पट्टा फक्त कंबरेचा, खांद्यांना काहीच नाही. चाकं पोकळ प्लॅस्टिकची. फ्रेम उघडी धरून ठेवणारा लॉक नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या खटक्यावर. बाळाला बसवण्याआधी तांदळाची पिशवी ठेवून गाडी खाली नेली. आपल्याकडे सिमेंट रोड उंच आणि कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक), हे नागपूरकरांना सांगायला नको. गट्टूच्या फटीत पुढचं चाक आडवं झालं, मी दांडा जरा दाबला आणि खटका सुटून गाडी पिशवीसकट मिटली. तिथे बाळाची बोटं असती तर? मला त्या रात्री झोप लागली नाही.

कॅरिअरची गोष्ट याहून वाईट. लेबल एका नामांकित विदेशी कंपनीचं, पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष काहीही छापलेलं नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं 2011 च्या वजनमापे नियमांनुसार बंधनकारक आहे. बसायची जागा इतकी अरुंद की बाळाच्या मांड्यांना आधारच नाही, पाय सरळ खाली लोंबकळतात. खुब्याचे सांधे अजून तयार होत असतात. म्हणून मांड्या गुडघ्यांपर्यंत टेकलेल्या आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत. यात पाठीलाही आधार नव्हता. बाळ घसरून गोळा व्हायचं आणि हनुवटी छातीला टेकायची. लहान बाळाचा श्वास अशानेच कोंडतो. चेहरा कायम दिसावा, मान झुकवली की कपाळाचा पापा घेता यावा आणि हनुवटीखाली बोट जाईल एवढी जागा राहावी, इतकं बाळ वर आणि घट्ट असायला हवं.

आणि हेच कॅरिअर विकताना दुकानदार माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, ''भाऊ, बाइकवर पण चालते, सरकारी नियमाचं आहे.'' हे धादांत खोटं. फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेला दुचाकीचा नियम 4 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. त्यात चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेला, 30 किलो पेलणारा सेफ्टी हार्नेस (सुरक्षा पट्टा), 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा सांगितली आहे. पायी फिरण्याचं कापडी कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे. आमचं बाळ तर हेल्मेटच्या वयाचं, म्हणजे 9 महिन्यांचंही नाही. असं खोटं ऐकून कुणी उद्या खरंच बाइकवर बाळ बांधून निघेल.

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर शिक्क्याकडे बोट दाखवलं. तो शिक्का कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांच्या आत परत घेऊन पैसे देणं नाकारणं, हीसुद्धा. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चिठ्ठीचा फोटो, यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, डेमो गाडीचा दुकानात काढलेला फोटो आणि घरच्या गाडीचा फोटो जोडला. डेमोचा फोटो सर्वांत कामी आला.

गाडीचे पैसे मिळाले. कॅरिअरचे द्यायला तो तयार नाही, ''ते आमच्याकडचं नाहीच'' म्हणतो. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तोवर बुर्डीत गाडी घ्यायला जाणार असाल, तर डेमोचा फोटो काढा आणि पैसे देण्याआधी डबा काउंटरवरच उघडायला लावा. नाही म्हणाले तर तिथून निघा.