डेथ स्ट्रँडिंग डायरेक्टर्स कट: कित्येक महिने ओझं वाहिल्यानंतरचा अनुभव

स्टोरी संपून कितीतरी महिने झाले तरी हा गेम मी काढलेला नाहीये, आणि ८० जीबी जागा अडवणारा गेम छोट्या एसएसडीवर एवढे दिवस टिकतो ह्यातच निम्मा रिव्ह्यू आला. उरलेला निम्मा लांबलचक आहे कारण मला ग्राफिक्सपेक्षा ह्यातल्या कथेबद्दल, म्हणजे कथेच्या मागे जे पुराणासारखं काहीतरी उभं आहे त्याबद्दल बोलायचंय. स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटाचे पण. खेळायचा असेल तर आधी खेळा, मग वाचा.

बेसिक माहिती पटकन सांगतो. हिदेओ कोजिमाचा गेम, नोव्हेंबर २०१९ ला पीएस४ वर (म्हणजे प्लेस्टेशन ४) आला, जुलै २०२० ला पीसीवर, डायरेक्टर्स कट, म्हणजे त्याचीच वाढवलेली आवृत्ती, २०२१ ला पीएस५ वर आणि मार्च २०२२ ला पीसीवर. माझ्याकडे हा शेवटचा, सेलमधे घेतलेला. साध्या ग्राफिक्स कार्डवर मीडियम सेटिंगला नीट चालतो. कंट्रोलर घ्याच, कीबोर्डवर ह्या गेमची मजाच जाते, का ते पुढे येईल. आणि कोकणात राहत असाल तर यूपीएस लावा. देवगडला आषाढात लाईट कधी जाईल आणि कधी येईल ह्याचा भरवसा नाही.

कथा अशी की जिवंतांचं आणि मेलेल्यांचं जग एकमेकांत मिसळलंय, मेलेले परत येतात पण माणसं म्हणून नाही, काळ्या धुरासारख्या तरंगणाऱ्या आकृत्या होऊन येतात, त्यांना बीटी म्हणतात. लोक घाबरून जमिनीखाली राहतात, शहरांचा एकमेकांशी संबंध तुटलाय, आणि सॅम पोर्टर ब्रिजेस नावाचा माणूस पाठीवर सामान बांधून अमेरिकेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जातो आणि एकेक गाव नेटवर्कला जोडतो. बस, एवढंच काम. सायन्स फिक्शन गेममधे नायक म्हणजे बहुतेक वेळा सैनिक नाहीतर कोणीतरी निवडलेला तारणहार. इथे हमाल आहे. आणि माझ्या मते हीच ह्या गेमची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण ओझं वाहणारा आणि निरोप नेणारा नायक पुराणांना नवा नाही, गेमवाल्यांनीच त्याला विसरून टाकलं होतं. आपल्याकडे मारुतीला आपण शक्तीचा देव म्हणतो पण त्याची रामायणातली मोठी कामं बघा ना, अंगठी पोचवणं, सीतेचा निरोप परत आणणं, द्रोणागिरी उचलून आणणं, म्हणजे ताटातूट झालेल्या माणसांमधे ये-जा करणं आणि वेळेत पोचणं. ग्रीकांचा हर्मीस पण तसाच, देवांचा निरोप्या, आणि मेलेल्यांना पलीकडच्या जगात नेऊन सोडणारा पण तोच. सॅम ही दोन्ही कामं करतो.

पण नुसता नायक हमाल आहे म्हणून कोणी एवढं लिहीत नाही. फरक हा पडतो की ते ओझं तुमच्या हातात असतं. कंट्रोलरचे दोन ट्रिगर म्हणजे पाठीवरच्या पिशव्यांचे दोन पट्टे, उतारावर तोल डावीकडे गेला की उजवा पट्टा ओढून धरायचा, दोन्ही धरले की सॅम सावकाश पण नीट चालतो. सामान जास्त उंच रचलं तर वळताना झोकांडी जाते. बूट झिजतात. नदीत उतरायच्या आधी खांद्यावरचा स्कॅनर मारला की पाण्याची खोली रंगात दिसते, लाल दिसलं तिथे पाय घालायचा नाही. आमची काकी एकदा मागे उभी राहून बराच वेळ बघत होती, म्हणाली "हो नुसतो चालताच हा, पोचतलो कधी?" प्रश्न बरोबर आहे, पहिले काही तास सगळ्यांनाच तो पडतो. ज्यांना धीर नाही ते तिथेच गेम सोडतात.

तीच काकी नंतर पूर्ण सीनभर गप्प उभी होती तो सीन सांगतो. गेमच्या सुरुवातीलाच सॅमची आई, म्हणजे त्याला वाढवणारी बाई, ब्रिजेट, जी त्या देशाची अध्यक्ष आहे, ती मरते. आणि ह्या जगात प्रेत वेळेत जाळलं नाही तर मोठा स्फोट होतो, अख्खं शहर नाहीसं होऊन तिथे खड्डा पडतो. तर तिचं प्रेत कापडात गुंडाळून सॅमच्या पाठीवर बांधतात आणि तुम्हाला ते डोंगरावरच्या दाहगृहापर्यंत न्यायचं असतं. नुसता बघायचा सिनेमासारखा तुकडा, म्हणजे कटसीन नाहीये, तुम्ही चालवायचं. पाऊस येतो, दगड निसरडे, तोल जातो आणि दर वेळी डोक्यात एकच, की ही पडता कामा नये. काकी हळूच म्हणाली, "ती तेची आवस मां?" बस, पुढे काही बोलली नाही. आमच्याकडे भर पावसात मयत झालं की तिरडी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून न्यावी लागते, पुढचे पाय रोवून उभे राहतात आणि मागच्यांना ओरडून सांगतात, कोणाचा पाय घसरला तर सगळे एकदम खांदा देतात. ज्याने असा खांदा दिलाय त्याला हे मिशन शिकवायला लागत नाही.

ह्या एका नियमावर अख्खा गेम उभा आहे. माणूस मारणं सोपं आहे, बंदुका मिळतात पुढे, पण मारलं की ते प्रेत तुमचं. उचला, गाडीत घाला, दाहगृहापर्यंत न्या, नाहीतर तिथे स्फोट. त्यामुळे मी सगळा गेम दोरीच्या हत्यारांवर काढला, बोला गन म्हणून एक आहे, तिने माणूस बांधून टाकायचा. हिंसेवर भाषण न देता हिंसा महाग करून टाकली आहे. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर घरातली माणसं जशी अडकून पडतात, काय राहिलं असेल, कशात जीव अडकला असेल म्हणून एकेक कबूल करत बसतात, तीच भीती इथे खेळाचा नियम झाली आहे.

आता बीच. गेममधे जिवंत जग आणि मरण ह्यांच्या मधे एक समुद्रकिनारा आहे, प्रत्येक माणसाचा वेगळा. तिथे वेळ पुढे सरकत नाही. काळं पाणी, वाळूवर मरून पडलेले मासे, खेकडे, देवमासे. समुद्र म्हणजे पलीकडचं जग ही कल्पना जगभर आहे, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती जास्त लागते असं मला वाटतं. आमच्याकडे समुद्र म्हणजे पोट भरणारा पण तोच आणि घरातला माणूस परत न देणारा पण तोच, म्हणून तर नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होड्या नीट सुरू होत नाहीत. आणि ते देवमासे बघून मला हटकून गणपतीपुळे आठवलं, नोव्हेंबर २०२३ मधे देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं आणि लोक त्याच्यावर पाणी ओतत होते, ओल्या चादरी टाकत होते, पट्टे बांधून समुद्रात ओढत होते. वाचलं नाही ते. गेमच्या नावातलं स्ट्रँडिंग म्हणजे हेच, किनाऱ्याला येऊन अडकणं, फक्त इथे अख्खं मरण किनाऱ्याला लागलंय.

त्यातला पाऊस पण असाच. टाइमफॉल म्हणतात, ज्याला लागेल त्याचं वय झपाट्याने वाढतं, गवत उगवतं आणि डोळ्यासमोर वाळतं, सामानाचे डबे गंजतात. मृगापासून चार महिने लोखंड, लाकूड, कपडे सगळ्याला बुरशी आणि गंज चढताना बघणाऱ्या माणसाला ह्यात फार काही समजून घ्यावं लागत नाही.

सगळ्यात जास्त मनात राहिलेला भाग मामाचा. मामा म्हणजे एक बाई, इंजिनियर. पडलेल्या हॉस्पिटलच्या ढिगाऱ्याखाली तिचं मूल जन्माला यायच्या आधीच गेलं, आणि ते बीटी होऊन तिथेच तरंगत राहिलंय, नाळेने तिला बांधलेलं. म्हणून ती त्या जागेतून बाहेरच पडू शकत नाही. मूल दिसत नाही, पण ती हवेत हात धरून त्याला झोपवत असते. ती नाळ तुम्हाला कापायला लागते आणि मग तिलाच पाठीवर घेऊन बर्फाच्या डोंगरावरून तिच्या जुळ्या बहिणीकडे न्यायचं. तिथे पोचल्यावर ती मरते. सुरुवातीला आई वाहिली, इथे परत एक आई. पूर्ण गेममधे दोरी, केबल, नाळ, पट्टा एकाच गोष्टीची रूपं आहेत, जी जोडते तीच अडकवते, आणि हे तुम्हाला कोणी समजावून सांगायच्या आधी हाताला कळलेलं असतं. त्यानंतर जेव्हा तुम्हाला बीटींच्या मागे दबकत जाऊन त्यांची नाळ तोडायची सोय मिळते तेव्हा मला ते शत्रू मारणं वाटलंच नाही, कोणालातरी सोडवतोय असं वाटलं.

हार्टमनचं पण सांगतो, पटकन. ह्याचं हृदय दर २१ मिनिटांनी थांबतं, ३ मिनिटं तो मेलेला असतो, तेवढ्यात तो किनाऱ्यांवर आपली मेलेली बायको आणि मुलगी शोधतो, मग मशीन त्याला परत आणतं. २१ आणि ३ मिळून २४ मिनिटं, म्हणजे दिवसाला ६० वेळा. आपली जुनी घटका पण २४ मिनिटांचीच आणि दिवसाला ६०. कोजिमाला हे माहीत असेल असं मी म्हणत नाही, पण घटकेघटकेला मरून माणसं शोधणारा नवरा बघितल्यावर यमाच्या मागे चालत जाणारी सावित्री आठवल्याशिवाय राहत नाही. फक्त ह्याला वर देणारा कोणी भेटत नाही.

आता न आवडलेलं. गेमला स्वतःच्याच खुणांवर विश्वास नाहीये. जे चालताना समजलं तेच परत ईमेलमधे, मग होलोग्राममधे, मग शेवटच्या लांबच लांब कटसीनमधे तीन-तीनदा सांगतात. इजिप्तचं 'का' आणि 'हा', म्हणजे आत्मा आणि शरीर, हे एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पात्रांची नावं तर इतकी सरळ आहेत की कोणाचं काय होणार ते आधीच कळतं. शेवटाकडच्या बॉस फाइट, म्हणजे मोठ्या शत्रूंशी होणाऱ्या लढाया, मला साफ परक्या वाटल्या, हमालाच्या गेममधे एकदम रॉकेट लाँचर कशाला? हिग्ज हा खलनायक मात्र जमलाय, काळा झगा, डोकं झाकलेलं, वर सोनेरी मुखवटा. दशावतारात संकासूर रंगमंचावर आल्यावर लहान पोरं जशी भितात पण नजर हलवत नाहीत, तसंच काहीतरी होतं त्याला बघताना. अमेली, ती लाल कपड्यातली किनाऱ्यावरची बाई, आई आणि संहार एकाच अंगात, ही कल्पना देवीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला अजिबात अवघड नाही, पण गेम तिला इतकं समजावतो की तिच्यातली भीती पातळ होते. तिला जरा गूढच ठेवायला हवं होतं.

ह्या बाबतीत दुसरे गेम बघा. होरायझन झीरो डॉन (२०१७) मधे गाया, हेडीज, हेफेस्टस अशी ग्रीक देवांची नावं यंत्रणांना दिलेली आहेत आणि आई नसलेल्या, टोळीने बाहेर टाकलेल्या मुलीची जन्मकथा छान गुंफली आहे, पण तिथे पुराण ऐकायला मिळतं, रेकॉर्डिंगमधून. करायला मिळत नाही. निअर ऑटोमाटा (२०१७) त्या मानाने जवळ येतो. त्याच्या एका शेवटात अनोळखी खेळाडूंच्या मदतीशिवाय पुढे जाणं जवळपास अशक्य होतं, आणि मग विचारतात की तुम्ही पण कोणा अनोळखी माणसासाठी तुमचा सगळा सेव्ह डेटा, म्हणजे आजवरचा जपून ठेवलेला खेळ, पुसून द्याल का. त्याग हा शब्द एवढ्या खऱ्या किमतीला मी दुसऱ्या गेममधे बघितला नाही.

डेथ स्ट्रँडिंगमधे तोच धागा पूर्ण गेमभर आहे, आणि एवढे महिने तो इन्स्टॉल राहण्याचं कारण पण हेच. एखादा भाग नेटवर्कला जोडला की दुसऱ्या खेळाडूंनी बांधलेल्या शिड्या, दोऱ्या, पूल, आडोसे तुमच्या जगात दिसायला लागतात, आणि तुमचे त्यांच्या जगात. कोणी समोर येत नाही, बोलता येत नाही. फक्त लाइक देता येतं, डिसलाइक नाहीच. मी एका नदीवर पूल बांधला तो जुजबी, माझ्या सोयीसाठी, आणि कित्येक आठवड्यांनी उघडून बघतो तर कोणाकोणाचे लाइक येऊन पडलेले आणि पावसाने खराब झालेला भाग कोणीतरी सामान घालून दुरुस्त केलेला. आमच्या वाडीत व्हाळावरचा साकव असाच असायचा, पावसाआधी घरटी एक माणूस आणि चार बांबू, ज्याने बांधला त्याचं नाव कुठेच नसायचं. हा गेम आला आणि चार महिन्यांत लॉकडाऊन लागला, गावांच्या वेशी बंद झाल्या, मुंबईहून आलेले चाकरमानी शाळांमधे वेगळे राहिले, डबा लांबून ठेवून माणसं मागे सरकायची. तेव्हा हा गेम माझ्याकडे नव्हता, पण नंतर खेळताना प्रत्येक बंद दरवाज्यासमोर डबा ठेवताना तेच दिसत होतं.

म्हणून माझा सल्ला, ऑनलाइन चालू ठेवूनच खेळा. आमच्याकडे टॉवर गेला की गेम ऑफलाइन पडतो आणि तेव्हा त्याच डोंगरावर बाकीच्यांच्या शिड्या नसतात, ते रितेपण अंगावर येतं, पण पूर्ण गेम तसा खेळू नका. पहिले दोन-तीन चॅप्टर कंटाळा आला तरी रेटा, तिसऱ्या चॅप्टरपासून नकाशा उघडतो. रस्ते बांधा, त्याला लागणारं धातू आणि सिरॅमिक तुम्ही नाही टाकलं तरी दुसरं कोणी टाकतं पण तुम्ही पण टाका. लहान मुलांना देऊ नका, गर्भ आणि प्रेतं सतत आहेत, घरात नुकतं कोणी गेलं असेल तर तुम्ही पण जरा थांबा. दुसरा भाग २६ जून २०२५ ला पीएस५ वर आलाय, पण पहिला सोडून थेट तिकडे जाऊ नका, ब्रिजेटला पाठीवरून नेल्याशिवाय पुढच्या कशालाच वजन येणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क त्या भाषणांसाठी कापलाय.