ब्रेसेसवर आठ महिने वॉटर फ्लॉसर: फवारा कुठवर पुरतो?

आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचं मत आधीच सांगून टाकू: ब्रेसेसच्या तारेखाली अडकलेलं अन्न काढायला वॉटर फ्लॉसर, म्हणजे दातांवर पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र, झकास, पण कीड रोखायला त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. कीड करणारा जंतूंचा थर दाताला चिकटून बसलेला असतो. पाण्याच्या धारेनं त्याचा वरचा सैल भाग जातो, खालचा जागेवरच राहतो. खात्री करायची तर थर रंगवणारी गोळी वापरा. फवारा मारून झाल्यावर ती चावायची, लाळ तोंडभर फिरवायची, थुंकायची आणि आरशात बघायचं. ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा) आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी रंगलेली दिसेल, आणि वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे दात तर हमखास.

नेमका तिथेच घात होतो. गोड किंवा पिठूळ खाल्लं की थरातले जंतू आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं झिरपू लागतात. थर रोज तसाच राहिला तर महिनाभरातही ब्रॅकेटभोवती खडूसारखा पांढरा डाग उमटू शकतो. ब्रॅकेट असेपर्यंत तो नीट दिसत नाही. ते काढल्यावर चौकोनी चौकट तेवढी उठून दिसते.

त्यामुळे खरं काम करतो तो इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशची इवलीशी आवृत्ती. तारेखालून वरून खाली घालायचा, ब्रॅकेटच्या डाव्या कडेला चार-पाच वेळा फिरवायचा, मग उजव्या कडेला, मग तेच खालून वर. जोर लावून घुसवला किंवा आत असताना पिळला की ब्रशची मुठीजवळची तार वाकते आणि दोन दिवसांत तुटते. केस पसरले की ब्रश बदला, उगाच काटकसर नको.

क्रमही महत्त्वाचा. आधी फवारा, मग हा बारीक ब्रश, शेवटी साधा मऊ ब्रश: ब्रॅकेटच्या वरच्या बाजूला हिरडीकडे ४५ अंशांत, मग खालच्या बाजूनं, मग समोरून. पेस्टमध्ये फ्लोराइड किती आहे ते वाचून घ्या. १३५० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हवं. थुंकायचं, पण पाण्यानं चूळ भरायची नाही. इथे बहुतेक जण चुकतात आणि दातावर राहायला हवं ते फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. म्हणूनच फवारा ब्रशनंतर मारला तर सगळंच धुऊन निघतं. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉशही ब्रशला जोडून नको, दिवसातल्या वेगळ्या वेळी घ्या; नंतर अर्धा तास खाणंपिणं बंद. गुळणी नीट थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना तो देऊ नये. ५००० पीपीएमची पेस्ट डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

आता यंत्राबद्दल. सुरुवात सगळ्यात कमी दाबानं करा, नाहीतर पहिल्याच दिवशी हिरडी दुखते. टोक हिरडीच्या रेषेवर काटकोनात, ओठ जवळपास मिटलेले आणि मान बेसिनवर, तरच आरसा आणि शर्ट कोरडे राहतात. पाणी कोमट घेतलं तर गार पाण्यानं झिणझिणणाऱ्या दातांचा त्रास वाचतो. बारीक केसांचा झुपका असलेलं ब्रेसेससाठीचं वेगळं टोक साध्या टोकापेक्षा बरंच सरस, पण त्याचे केस पसरतात. तीन महिन्यांत ते बदलावंच लागतं. टाकीत उरलेलं पाणी ओतून झाकण उघडं ठेवलं नाही तर आतून बुळबुळीत होतं. पाणी जड असेल तर टोकात क्षार बसून धार तिरपी जाते. आवाज? रात्री घर जागं करण्याइतका. प्रवासात फ्लॉसर घरीच राहतो आणि खिशातला बारीक ब्रश कामाला येतो, हेही पुरेसं बोलकं आहे.

यातलं काहीच पोचत नाही अशी एक जागा आहे: दाढेभोवती सिमेंटनं बसवलेल्या धातूच्या रिंगच्या आतली. तिथलं सिमेंट विरघळलं की रिंग किंचित हलते, चावताना खारट किंवा कुबट चव येते आणि कीड आतल्या आत वाढते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता रिंग काढून पुन्हा बसवून घ्या.