काळ्या मातीत एरेटर: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. एरेटर म्हणजे दडपलेल्या जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करणारं मशीन. मैदानाखाली मुरूम किंवा वाळू असेल तर ते डोळे झाकून घ्या. खाली आपली काळी माती असेल तर मशीनबरोबर वाळूचाही खर्च झेपणार असेल तरच घ्या. नुसत्या मशीनवर भागेल असं विक्रेता सांगतो, ते खरं नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर एका खासगी क्लबचं मैदान माझ्याकडे आहे. क्रिकेटची आउटफिल्ड, आणि एका कोपऱ्यात गोल्फच्या सरावासाठी दोन पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायची बारीक कापलेली हिरवळ. ग्रीन वाळूवर बसवलेली आहेत: तळाशी खडीचा थर, वर फूटभर वाळू. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली ठरवून दिलेली हीच रचना आजही जगभर चालते. आउटफिल्ड मात्र थेट काळीवर. मशीन एकच आणि जमिनी दोन, त्यामुळे फरक रोज डोळ्यांसमोर होता.

गवत दोन्हीकडे हरळीच्याच जातीचं. आमचे माळीमामा जालन्याकडचे, शेतकरी घरातले. पहिल्या दिवशीच म्हणाले, "साहेब, हरळी खांदता खांदता बापाची कंबर गेली, अन् म्या तिला पाणी घालायलोय."

मशीन पेट्रोलवर चालतं, आपण मागून धरून चालायचं. खाली पोकळ दात आहेत. ते जमिनीत घुसतात आणि बोटाएवढी मातीची कांडी उपसून वर टाकतात. रोलर आणि बुटांनी दडपलेल्या मातीत हवा-पाणी जावं, मुळांना खाली वाट मिळावी, एवढाच उद्देश. आमचे दात १२ मिलिमीटरचे, दोन भोकांत ५ सेंटिमीटर अंतर. हिशेब केलात तर एका फेरीत जेमतेम साडेचार टक्के जमीन उघडी होते. म्हणून एका फेरीत चमत्काराची अपेक्षा नको.

ग्रीनवर काम सुखाचं झालं. कांड्या गोळा केल्या, कोरडी वाळू पसरली, जाळी ओढून ती भोकांत उतरवली, पाणी दिलं. नंतर दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारत जातो आणि गोल्फवाले सभासद तोंड फिरवून बसतात, तेवढं सोसायचं.

खरी परीक्षा आउटफिल्डवर. मे महिन्यात काळी दगड झालेली असते. दात दोन बोटंही आत गेले नाहीत, उलट काही वाकले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर उलटं झालं. चिखल दातांत गच्च बसला, कांडी सुटेना, आणि जी भोकं पडली त्यांच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या. त्यातून ना पाणी झिरपतं ना मूळ शिरतं. काम होतं ते फक्त वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना दगड, नुसती ओलसर असताना. मूठभर माती दाबायची, गोळा कंबरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर मशीन बाहेर काढा, चपटा होऊन बसला तर थांबा. पेरणीला जो अंदाज घेतात तोच हा. जुलैत दोन पावसांच्या मधली उघडीप मिळाली की क्रिकेटचा सराव बंद ठेवून काम उरकायचं, कारण ती उघडीप वाट बघत नाही. शिवाय त्याच काळात हरळी जोरात वाढते आणि भोकं लवकर भरून काढते. थंडीत ती मंदावते, तेव्हा हे काम काढू नये.

वाळूचं आता. एका पट्ट्यात मी भोकं वाळूने भरली, शेजारचा पट्टा मुद्दाम तसाच ठेवला. गणपतीनंतर दोन्हीकडे खुरप्याने उकरून पाहिलं. रिकाम्या पट्ट्यात भोकाचा मागमूस नव्हता. काळी पाण्याने फुगते आणि सगळं मिटवून टाकते. वाळूच्या पट्ट्यात खांब तसाच उभा होता आणि त्यातून पांढरी मुळं सरळ खाली उतरलेली दिसली. कांड्याही काळीवर परत चुरून टाकू नका, नाहीतर तीच चिकणमाती पुन्हा भोकात जाते. आमच्या माळीमामांनी त्या पपईच्या आळ्यात घातल्या.

गोदावरीची वाळू परवडत नाही. क्रशरची वाळू घेतलीत तर धुतलेलीच घ्या. काचेच्या बाटलीत वाळू-पाणी घालून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. वर भुकटीचा जाड थर बसला तर ट्रक परत पाठवा. ती भुकटी भोकात सिमेंटसारखी बसते.

एक फायदा अनपेक्षित होता. जुलैअखेर कांड्यांतून हुमणीच्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीच्या, बारीक अळ्या निघाल्या. गवत पिवळं पडायच्या आधीच कळलं, म्हणून मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी शेणखतात मिसळून संध्याकाळी टाकता आलं.

पाण्याबद्दल. मराठवाड्यात हिरवळीला पाणी घालतो हे चारचौघांत सांगताना जीभ अडखळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले. आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो. पूर्वी ते उताराकडे वाहून कुंपणाशी साचायचं, आता बरंचसं जिरतं. पण अशा पाण्यात क्षार असतात, त्यातला सोडियम काळीला आणखी घट्ट करतो. म्हणून एरेटर फिरवल्यावर जिप्सम टाकतोच.

आता तक्रारी. इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू होतं, त्याबद्दल बोलणं नाही. हादरे मात्र भयंकर; हातमोजे असूनही संध्याकाळी बोटं बधिर. वळताना दात वर उचलले नाहीत तर गवताचा तुकडाच उपटून येतो. वजन इतकं की टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात. फिरवण्याआधी प्रत्येक स्प्रिंकलरजवळ झेंडी रोवा, एकही सुटता कामा नये. सगळ्यात वैताग सुट्या भागांचा. दात झिजले तेव्हा विक्रेत्याने आधी 'येतील' म्हटलं, मग फोन उचलणंच सोडलं. शेवटी वाळूजच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. त्याने टोकाला कठीण पोलाद वापरलं, आणि ते मूळ दातांपेक्षा जास्त टिकले.

शाळेचं एखादं मैदान असेल तर विकत घेऊ नका. पावसाळ्यात भाड्याने आणा आणि उरलेला पैसा वाळूत घाला. विकतच घेणार असाल तर दातांचे दोन जादा संच बिलात लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.