बाराबोर विकायची की सोडत काढायची?

परभणी-हिंगोलीकडं रानडुकरांपायी पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढलेली बरीच घरं आहेत. पोरं पुण्याला गेली की बाराबोर बंदूक नुसती पडून राहते. मग कुणीतरी सुचवतं, "पाचशेचं तिकीट ठेवा, लकी ड्रॉ काढा." गणपतीत मोटारसायकलची सोडत निघते, मग बंदुकीची का नको?

सोडतीत दोन कायदे आडवे येतात. सरकारी मंजुरीशिवाय लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. पण खरी भानगड पुढंच आहे. चिठ्ठी कुणाच्या नावानं निघेल हे आधी कळतच नाही, आणि शस्त्र कायदा, 1959 नेमकं तेच आधी विचारतो. कलम 5 मोडून शस्त्र विकलं किंवा दुसऱ्याला दिलं, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. पाचशेच्या तिकिटासाठी हा सौदा फारच महाग!

थेट विक्री कंटाळवाणी, पण जमणारी. घेणाऱ्याकडं ते हत्यार बाळगण्याचा परवाना हवा. विक्रीआधी या घेणाऱ्याची माहिती जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी द्यायची आणि किमान 45 दिवस थांबायचं. पोच घ्या, तोंडी सांगणं चालत नाही. गिऱ्हाईक शोधायचा वैताग असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला द्या. भाव थोडा कमी येईल. व्यवहार झाला की आपल्या परवान्यावरची नोंद कमी करून घ्या.

गणपती मंडळाला पैसेच हवे असतील तर आधी बंदूक रीतसर विका, आलेल्या रकमेतून देणगी द्या.